थंड पाण्यात धुवा

उमरग्याच्या बाजारात
भांड्यांचं पाल आणि चपलांचं पाल यांच्या मधे
आम्हाला दीड हात जागा मिळाली.
टेबल मन्मथअप्पांच्या गिरणीतलं,
फटीत अजून ज्वारीचं पीठ.
वर वही, वहीला सुतळीनं बांधलेलं पेन,
कारण पहिल्या बाजारी पेनं गेली चार
आणि सह्या आल्या तीन.

मागणी साधी, बोलायला अवघड :
कुठंही जमीन हलली
तर देशादेशांनी, भांडण असलेल्यांनीसुद्धा,
एकमेकांच्या दारात धावून जावं,
आणि ते आधीच लिहून ठेवावं.
अप्पांनी फळ्यावर काढलं, आंतरराष्ट्रीय सहकार्य.
रुक्साना म्हणाली, अप्पा,
एवढं वाचेपर्यंत माणूस मोंढ्यात पोचतंय.
मग तिनंच खाली खडूनं लिहिलं :
आपल्यावर आली तवा कोण कोण आलतं?

एक जण म्हणाला,
आमच्या नळाला पंधरा दिवसाला पाणी
आन् तुमी जगाचं घेऊन बसलाव.
म्हटलं, त्याची बी वही काढा, पहिली सही माझी.
(पुढच्या बाजारी तो खरंच वही घेऊन आला.
आता आमचं टेबल दोघांत आहे.)

एकानं विचारलं, पाकिस्तानात झाला तर?
चपलावाल्यानं हातातला जोड खाली ठेवला.
अप्पा चष्मा पुसायला लागले, पुसतच राहिले.
मी काही ठरवून आले नव्हते.
म्हटलं, मी नऊ वर्षांची होते,
गणपती बोळवून झोपलो होतो,
सकाळ उलटून गेली तरी मी खालीच.
वरून कुणीतरी पहारीनं दगड सारत होतं.
मी त्याचं गाव विचारलं नाही.

त्यानं सही केली नाही.
पण वही उलटून
किती झाल्या ते मोजलं.

तिसऱ्या बाजारी मी आईचं ब्लँकेट आणलं
आणि टेबलावर अंथरलं.
करडं, खरखरीत,
पत्र्याच्या शेडमध्ये आम्हा चौघांना पुरलेलं.
कोपऱ्यात एक पट्टी, तिच्यावर परकी अक्षरं.
आई त्या पट्टीला कधी कधी हळदकुंकू लावायची.
म्हणायची, ज्यानं पाठवलं त्यानं काहीतरी लिहिलंय,
आपल्याला येत नाही म्हणून काय झालं.

ब्लँकेट बघून दिगंबर सगर थांबले.
त्यांच्या घरातले पाच गेले होते,
म्हणून त्यांना विचारायचं नाही असं आमचं ठरलं होतं.
त्यांनी कापडाला बोट लावलं, मागं घेतलं.
आमच्याकडं असलंच होतं, म्हणाले,
बैलाला घातलं मी. थंडी लई होती त्या साली.
मग म्हणाले, सही येत न्हाई मला.
अंगठा चालतंय का तिकडं, परदेशात?
अप्पा म्हणाले, चालतंय.
अप्पांना काय माहीत.
शाई नव्हती. रुक्सानाच्या झोळीत काजळाची डबी निघाली.

तेवढ्यात चपलावाल्याचा पोरगा, नावानं अझहर,
पट्टीवर मोबाइल धरून उभा.
मावशी, हे वाचतंय, म्हणाला.
भोवतीची माणसं जवळ सरकली.
नळाची वहीवाला आला, दिगंबरमामा काळा अंगठा वर धरून.
तीस वर्षांत काय काय वाटलं होतं आम्हाला,
आशीर्वाद, पत्ता, एखाद्या बाईचं नाव.

अझहरनं मोठ्यानं वाचलं :
थंड पाण्यात धुवा.
पिळू नका.
सावलीत वाळवा.

आधी भांडीवाली हसली, मग सगळेच.
मी आईला फोन लावला.
ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली,
थंड्याच पाण्यात धुतलं की गं,
गरम होतंच कुठं.
पण पिळत होते मी. दर साली.
त्यांना कळव तेवढं.

त्या दिवशी सह्या एकोणचाळीस, अंगठा एक.
पत्राच्या तळाशी अप्पांनी जागा सोडली होती.
तिथं मी आईचं वाक्य लिहिलं.